चालू दुरुस्ती

वाशिमला मी ज्या घरात तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या घराच्या दाराला एक पाटी टांगलेली असे. नावाची नव्हे. शाळेत मुली घेतात तसली, लाकडी चौकटीची दगडी पाटी, सुतळीनं खिळ्याला अडकवलेली. खोली बघायला गेले त्या दिवशी तिच्यावर जेमतेम लागेल अशा अक्षरात लिहिलं होतं, 'चालू दुरुस्ती : राग'. मला वाटलं, आत कुणी शिवणयंत्रं दुरुस्त करत असेल आणि राग हे त्याचं आडनाव असेल.

दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या माणसानं. अंगाला फिनेलचा वास. मी पाटीकडे बघतेय हे पाहून ते म्हणाले, "बरं झालं बाई, तुमी याच महिन्यात आल्या. मी सध्या कोनावर चिडत नाही. काही मागाचं असंल तं आत्ताच मागून घ्या."

मी भिंतींना चुना मागितला. न्हाणीला दार मागितलं. खिडकीला गज मागितले. प्रत्येक मागणीला ते डोळे मिटत, नाकानं लांब श्वास ओढत आणि "देतो" म्हणत. तिसऱ्या श्वासाला त्यांच्या मानेची शीर अशी ताठली, की चौथी मागणी करायचं मलाच धाडस झालं नाही.

मी अमरावतीहून मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. थोरल्या भावानं एका अटीवर पाठवलं होतं : माझ्याविषयी एक तक्रार कानावर आली की नोकरी सोडून घरी यायचं. घरी म्हणजे त्याच्या घरी, वहिनीच्या हाताखाली. त्यामुळे मी खाली मान घालून चालत असे आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडत नसे. आणि बिऱ्हाड करून राहिले ते अख्ख्या वाशिमात ज्याच्या दाराकडे सगळ्यांचं लक्ष, अशा माणसाच्या घरात.

मालक ढोरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. आता निवृत्त झाले होते. गाव त्यांना पाटीवाले म्हणे, आणि त्यांना ते आवडे. दर महिन्याला आपला एक दोष ते दुरुस्तीला काढत आणि पहिल्या तारखेला पाटीवर जाहीर करत. एकच. "दोन दोष एकदम काढले का मानूस चालाचाच बंद होते," असं त्यांचं निदान होतं.

"पण हे गावाला कशाला सांगायचं?" मी एकदा विचारलं.

"बैल कोन्या पायानं लंगडते, हे गोठ्यात समजत नाही, बाई. त्याले चार मानसासमोर चालवा लागते. मी सोताले चालवून राह्यलो."

त्यांच्या पत्नी, काकू, आतून म्हणाल्या, "पंचवीस वर्सं झाले वं बाई. हा मानूस दुरुस्तीलेच हाय. घरी वापराले कधी भेटलाच नाही."

गाव या पाटीचा पुरता फायदा घेई. रागाच्या महिन्यात गवळी दुधात उघडउघड पाणी ओती आणि वर विचारी, "पुरे का अजून टाकू?" दहा वर्षांपूर्वी बैलावरून भांडण झालेला एक गृहस्थ मुद्दाम मेडशीहून आला, ओट्यावर मांडी घालून बसला आणि मालकांना सावकाश, आठवून आठवून शिव्या देऊ लागला. मध्ये काकूंनी दिलेला चहा प्यायला. मालक डोळे मिटून श्वास ओढत होते. गृहस्थाच्या निम्म्याच शिव्या झाल्या आणि त्याची गाडी सुटायची वेळ झाली. उरलेल्या द्यायला तो चार दिवसांनी परत आला, पण मधे पहिली तारीख होऊन गेली होती आणि पाटीवर 'आळस' लागला होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही. मालक बैलाला औषध पाजायची वेळूची नळी घेऊन त्याच्यामागे पार वेशीपर्यंत धावले. आळसाच्या दृष्टीनंही तो दिवस चांगला गेला, असं ते नंतर म्हणाले.

मी आल्यापासून पाटीवरचं अक्षर मात्र त्यांचं नव्हतं. त्यांचं अक्षर औषधाच्या बाटल्यांवर घडलेलं, म्हणजे सहसा कुणाला न लागणारं. एकदा त्यांनी 'लोभ' लिहिलं ते गावानं 'लाभ' वाचलं, आणि महिनाभर लोक त्यांच्याकडे नशीब विचारायला येत होते. मी राहायला आल्यावर त्यांनी पाटी आणि पेन्सिल माझ्यासमोर धरली. "बाई, तुमचं अक्षर वाचता येते. दोष माहा, अक्षर तुमचं." त्यात काय बिघडलं, असं वाटून मी लिहू लागले. गोल, सुटं, शाळेत मुलींना गिरवायला देते तसं.

संशयाचा महिना मला सगळ्यात जास्त आठवतो. त्या महिन्यात ते कुणी काहीही सांगितलं तरी खरं मानत. आमच्या समोर कापडाचं दुकान असलेले एक जैन शेठजी होते. माणूस थट्टेखोर, पण मनानं वाईट नव्हे. त्यांनी एका दुपारी निरोप पाठवला : शिरपूरच्या रस्त्यावर, कोसभर पुढं, तुमची म्हैस अडली आहे, लवकर जा.

मालकांकडे म्हैस नव्हती. कधीच नव्हती. त्यांनी गोडं तेल घेतलं, गूळ घेतला, दोरी घेतली आणि भर उन्हात निघाले. शेठजी दुकानात गादीवर लोळून हसत होते. काकू कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

दिवेलागणीला ते परत आले. धोतर गुडघ्यापर्यंत माखलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट. घरी न येता थेट दुकानाच्या पायरीवर गेले आणि शेठजींना हात जोडून म्हणाले, "तुमचा निरोप आला मनून बरं झालं शेठजी. घडीभर येळ झाला असता तं दोनी जीव गेले असते. पारडू आडवं होतं. पन तुमाले अठी बसून समजलं कसं?"

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे लोक म्हशी घेऊन बाजाराला निघाले होते, आणि नेमकी त्या ठिकाणी त्यांची एक म्हैस खरोखरच अडली होती.

 पुढं दोन महिने शेठजींना स्वतःच्याच बोलण्याची धास्ती बसली होती. गिऱ्हाइकाला "रंग जाणार नाही" असं म्हणता म्हणता ते मधेच थांबत आणि घाबरून कापडाकडे बघत.

मी मालकांना म्हटलं, "म्हैस आपली नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"पक्कं माहीत होतं. पन दुसऱ्यावर इस्वास ठेवाचा तं आपल्या पक्क्या माहितीले घडीभर बाजूले बसवा लागते."

राजकारणातही त्यांचं हेच. खादीवाल्यांची सभा असो की सरकारी रावसाहेबाकडचा चहा, ते दोन्हीकडे पहिल्या रांगेत. तुम्ही कोणाच्या बाजूचे, असं विचारलं की म्हणत, "ज्याच्या दाराले पाटी हाय त्याच्या. अजूक कोनाच्याच दाराले दिसली नाही." आणि एकदा भर बाजारात, शेंगदाणे खाता खाता, ते बोलून गेले, "सरकारनं बी पाटी लावली पायजे. कोनती दुरुस्ती चालू हाय ते लोकाले समजलं पायजे. मंग मी सरकारवर इस्वास ठेवतो." शेजारी एक पोलीस शिपाई शेंगदाणे घेत होता. त्यानं पुडी बांधून घेतली आणि ठाण्याच्या दिशेनं निघून गेला.

माझ्या तिसऱ्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक आली. आमच्या भागातून एक वकीलसाहेब उभे होते, आणि त्यांच्याविरुद्ध समोरचे शेठजी. त्या महिन्याला मालकांनी 'खोटं' काढलं होतं. पाटी मीच लिहिली होती. वकीलसाहेबांनी ती वाचली आणि त्यांना कल्पना सुचली. महिनाभर खोटं न बोलणारा माणूस आपल्याबद्दल सभेत बोलला तर याहून मोठी साक्ष कोणती?

"इचार करा, साहेब," मालक म्हणाले. "मले खरंच बोला लागंल."

"तेच तर पाहिजे!" वकीलसाहेब म्हणाले.

सभा बाजारओट्यावर झाली. बायकांसाठी एका बाजूला सतरंजी होती, तिथं मी आणि काकू बसलो होतो. मालक उभे राहिले.

"वकीलसाहेब मले आठ वर्सापासून माहीत हायेत," त्यांनी सुरुवात केली. "मानूस हुशार. मागच्या खेपेले यायनं सांडपान्याच्या नालीचं कबूल केलं होतं. नाली झाली नाही. पन यायच्या मनात होती, हे खरं हाय. मले कागदावर काढून दाखवली होती. लय सुंदर नाली होती."

लोक हसू लागले. वकीलसाहेबही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"दुसरं, यायले गरिबाची कदर हाय. गरीब मानूस घरी आला का हे उठून उभे राह्यतात. मंग तो जायपर्यंत बसत नाहीत. बसले तं त्याले बी बसा म्हनाव लागंल. आता शेठजीपेक्षा हे बरे का, तं ते मले सांगता येत नाही. शेठजीच्या दाराले पाटी नाही, यायच्या बी नाही. मत कोनालेबी द्या. पन दिल्यावर घरी झोपू नोका, आठ दिवसाले येऊन पाहत जा."

एवढ्या टाळ्या त्या ओट्यावर कधी पडल्या नव्हत्या. वकीलसाहेब रागानं लाल झाले होते; पण टाळ्यांचा हिशेब त्यांना कळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकावर फळी लागली. दोन रंगांत, तेलरंगानं, खाली पदवी घालून : 'चालू दुरुस्ती : अहंकार'.

"तेलाच्या रंगानं लिवला," काकू म्हणाल्या. "म्हंजे हा काही आता जात नाही."

शेठजी मागं कसे राहणार? त्यांनी आधी 'चालू दुरुस्ती : काही नाही' अशी पाटी लावली. दुपारी कुणीतरी समजावलं, तेव्हा पुसून 'सर्व' केलं.

मग गावालाच वेड लागलं. आठवड्याच्या आत घरोघर पाट्या. न्हाव्यानं 'बोलणे' लिहिलं आणि मुक्यानं हजामत करू लागला. गिऱ्हाइकं घाबरून अर्ध्या दाढीत उठू लागली. काही घरांत नवऱ्याचा दोष बायकोनं लिहिला आणि त्यावरून दोन दिवस चूल पेटली नाही. एकानं स्वतःच्या दाराला शेजाऱ्याचा दोष टांगला. माझ्या वर्गात एकतीस मुली होत्या. एका सोमवारी त्यांतल्या सव्वीस हात हलवत आल्या.

"पाट्या कुठं आहेत?"

"बाबानं नेली, बाई. दाराले लावली."

मी त्या आठवड्यात सगळे पाढे तोंडीच घेतले.

आणि मग एका सकाळी तहसील कचेरीच्या फाटकावर पाटी दिसली. 'चालू दुरुस्ती : सरकार'.

बातमी शाळेत आली तेव्हा मला हसू आलं. दुपारच्या सुट्टीत मी जेवायला घरी गेले, तर ओट्यावर फौजदार, दोन शिपाई आणि दोन पंच बसलेले. फौजदार बाहेरगावचे, नवीनच आलेले होते. त्यांच्या मांडीवर ती कचेरीची पाटी होती. दुसऱ्या हातात आमच्या दाराची. मी मागच्या दारानं आत शिरले आणि माजघराच्या दाराआड उभी राहिले. तिथून दोन्ही पाट्या दिसत होत्या.

अक्षर एकच होतं. गोल, सुटं, शाळेतलं.

"दोन्ही पाट्या एका हातच्या आहेत," फौजदार म्हणाले. "सरकारबद्दल तुम्ही बाजारात काय बोललात त्याचीही नोंद आमच्याकडे आहे. अक्षर कुणाचं आहे?"

मालकांची पाठ माझ्याकडे होती. मी पाय उचलायला हवा होता. दोन पावलं टाकून म्हणायला हवं होतं, की घरच्या पाटीवरचं अक्षर माझं आहे, कचेरीच्या पाटीबद्दल मला काही माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर घरी बोलावणारं भावाचं पत्र आलं, वहिनीची चूल आली. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

मालकांनी वाकून दोन्ही पाट्या पाहिल्या. मग म्हणाले, "माहं."

"दोन्ही?"

"दोनी."

"लिहून दाखवा."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं. फौजदारांनी पाटी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. पंचांनी पाहिली. "हे काय लिहिलंय?"

"सरकार," मालक म्हणाले.

"हात थरथरला त्यायचा," काकू लगबगीनं म्हणाल्या. "पोलीस पाहून असंच होते."

फौजदारांचं लक्ष आमच्या पाटीवरच्या शब्दाकडे गेलं. "या महिन्यात तुमचं खोटं दुरुस्तीला आहे. म्हणजे तुम्ही आत्ता खरंच बोलताय?"

"तसं कसं म्हनता, साहेब?" मालक म्हणाले. "दुरुस्त झालं असतं तं पाटी कायले लावली असती?"

फौजदार लिहिता लिहिता थांबले. याच्यापुढं पंचनाम्यात काय घालावं, ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी दोन्ही पाट्या आणि मालक ताब्यात घेतले आणि ठाण्याकडे निघाले. मालकांनी जाताना मागं वळून पाहिलं नाही.

काकूंनी मला दाराआड पाहिलं.  माझं ताट वाढून ठेवलं आणि त्या ओट्यावर जाऊन बसल्या.

ताट मी तसंच झाकून ठेवलं. शाळेत गेले, फळ्यावर बेरीज लिहिली आणि ती मलाच सुटेना. मुलींना बसायला सांगून मी तशीच रस्त्यानं ठाण्यावर निघाले. मान वर होती की खाली, ते आठवत नाही.

ठाण्याच्या अंगणात मालक उकिडवे बसून फौजदारांच्या घोड्याचा खूर मांडीवर घेऊन कोरत होते. "आतून सडून राह्यला," ते शिपायाला सांगत होते. "याले तुरटीचं पानी पायजे." मला पाहून ते घाईनं म्हणाले, "बाई, तुमी घरी जा."

मी थेट आत गेले. फौजदारांना म्हटलं, "त्यांच्या दाराच्या पाटीवरचं अक्षर माझं आहे. दर महिन्याला मीच लिहिते. कचेरीची पाटी मी लिहिलेली नाही, पण अक्षर माझ्यासारखं आहे हे खरं."

फौजदारांनी टाक खाली ठेवला. ते काही बोलणार, एवढ्यात दारात एक गवंडीचाचा उभे राहिले. हाताला चुना, डोक्याला फडकं. "साहेब, माही पाटी अठी आली म्हंतात. कचेरीच्या फाटकावरची. ते माह्या पोट्टीची हाय, शाळेत रिकाम्या हातानं जाऊन राह्यली ते पाटीपायी."

"तुमची पाटी?"

"जी. कचेरीच्या छपराचं काम नाही का चालू? वरून कवेलू पडते कोनाच्या डोक्यावर. मनून पोट्टीकडून लिहून घेतलं, चालू दुरुस्ती, सरकारी कचेरी. पुढचं शेळीच्या अंगाले पुसलं असंल. ते फाटकाले अंग घासते."

फौजदारांनी पाटी उजेडात धरली. 'सरकार'च्या पुढं पुसट वेलांटी खरंच दिसत होती. मुलगी माझ्याच वर्गातली. अक्षर तिला मीच शिकवलेलं.

मला वाटलं, आता सगळेच हसतील. फौजदार हसले नाहीत. "मी दुपारच्या टपालानं अकोल्याला कळवलं आहे," ते हळूच म्हणाले, "की सरकारविरुद्ध पाटी सापडली, लिहिणारा सापडला, त्यानं कबूल केलं. आता शेळीबद्दल कसं लिहू?"

"पण मी खरं सांगतेय," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही खऱ्या ठरलात तर मी खोटा ठरतो. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. शाळा सुटायची आहे ना अजून?"

शेवटी मालकांना ताकीद देऊन सोडलं. गवंडीचाचांना पाटी मिळाली नाही. ती आता पुरावा होती. आणि चार दिवसांनी दवंडी पिटली गेली, की पुढचा हुकूम होईपर्यंत कुणीही दाराला पाटी लावू नये. मुलींच्या पाट्या शाळेत परत आल्या. वकीलसाहेबांना आपली फळी उतरवायला सुतार बोलवावा लागला. निवडणुकीत तेच आले. नाली त्याही खेपेला झाली नाही.

त्या दिवशी ठाण्यावरून आम्ही दोघं बरोबर परतलो. बाजाराच्या रस्त्यानं, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर.  चालता चालता मी म्हटलं, "मी आतच उभी होते. सगळं ऐकत होते."

"मालूम हाय."

"माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात."

ते एकदम थांबले. "तुमच्यासाठी कायले? फौजदारानं इचारलं अन् तोंडातून निंगालं. एवढं सोपं निंगालं बाई, का मलेच भेव वाटलं. बावीस दिवस झाले होते. आठ राह्यले होते फक्त. आता पयल्यापासून धराव लागंल." आणि ते खरोखरच खिन्न होऊन चालू लागले.

ते माझ्यासाठी खोटं बोलले नव्हते हे खरं, की तेही त्यांनी माझ्यासाठीच म्हटलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तक्रार भावापर्यंत गेली नाही. मी त्यानंतर त्या घरात सहा महिने होते, मग माझी बदली झाली.

पाटी बंद झाल्यावर मालकांचं काय होणार, याची गावाला उत्सुकता होती. या महिन्यात ते काय सोसतील आणि कशावर नळी उचलतील हेच कळेना, म्हणून लोक त्यांच्याशी जपून वागू लागले. गवळ्याचं दूध सुधारलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी मी शाळेला निघण्यासाठी वेणी घालत होते. माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मालक येऊन उभे राहिले. टोपी हातात होती. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खोटं. पुन्हा."

मी मान हलवली. मला वाटलं ते जातील, पण ते तिथंच उभे राहिले.

"अन् तुमचं?"

वेणीतला हात तसाच राहिला. मी म्हटलं, "भित्रेपणा."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

"एका महिन्यात होनार नाही, बाई," ते म्हणाले. "तुमी दोन धरा. मी येत जाईन इचाराले."